जवाईबापूंचं घर आणि आमची पिकअप

आमच्या वऱ्हाडात कुठल्याही गाडीबद्दल पहिला प्रश्न एकच असतो: "खेचते का?" मायलेज नंतर, किंमत त्याच्याही नंतर. दिवाळीनंतर अंजनगाव सुर्जीच्या रस्त्यावर घटकाभर उभं राहून पाहा. ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी हात-हात बाहेर आलेला कापूस, मागे लाल दिव्याच्या नावानं शंख, पुढे ट्रॅक्टरवर बसलेल्या गड्याच्या तोंडावर विजयी मुद्रा. खेचतेय ना, झालं तर मग. थांबते का, हे विचारण्याची पद्धत नाही. ते तेव्हाच्या तेव्हा पाहून घेतात.

त्यामुळे पुण्याच्या जवाईबापूंनी फोनवर "तुमची पिकअप खेचेल ना?" असं विचारल्यावर आमच्या घरातून तीन आवाजांत "हो" गेलं. त्यातला एकही माझा नव्हता. गाडी मात्र माझी होती.

खेचायचं होतं ते घर. जवाईबापूंनी कोणाकडून तरी वापरलेली कॅराव्हॅन घेतली होती. दोन पलंग, गॅसची शेगडी, बेसिन, फ्रिज आणि संडास, सगळं एका आसाच्या दोन चाकांवर. स्वतःचं इंजिन तेवढं नाही. अमरावतीपर्यंत कोणाच्या तरी दणकट गाडीमागे ती आली आणि तिथून पुढे चिखलदऱ्यापर्यंतची जबाबदारी सासरवाडीची ठरली. डिसेंबरची थंडी, डोंगर, चाकांवरचं घर... बहिणीनं फोटोसाठी नवीन स्वेटरसुद्धा घेतलं होतं. जवाई म्हटल्यावर नाही म्हणायची सोय नसते. त्यांना नाही म्हणायचं असेल तर ते लग्नाआधी म्हणावं लागतं.

पिकअपचं पुस्तक शोधलं. ते दुधाचा हिशोब लिहायच्या कामी लागलं होतं, पण पान शाबूत होतं. मागच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर १८०० किलो ओढता येतं, नसतील तर ७५०. आमच्या घराला ब्रेक होते. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक गोम होती. ट्रेलरचं नाक, म्हणजे पिकअपला जोडायचं पुढचं टोक, जेवढा भार पिकअपवर टाकेल, तो पिकअपच्या स्वतःच्या मालात धरायचा. म्हणजे केबिनमधली माणसं, मागचं सामान आणि हे नाक, सगळं एकाच खात्यात. आमच्याकडची माणसं पाहता त्या खात्यात फारशी शिल्लक उरत नव्हती.

मग धर्मकाटा. कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, तिच्यात आमचं पांढरंशुभ्र घर.

"माल काय हाये?" काट्यावरच्या पोरानं विचारलं.

"घर."

"कापूस का सोयाबीन?"

"संडास-बाथरूम."

त्यानं माझ्याकडं एकदा, घराकडं एकदा पाहिलं आणि चिठ्ठीवर 'इतर' लिहिलं. रिकामं वजन १४ क्विंटल ६० किलो. हे ऐकून जवाईबापू खूश झाले आणि उरलेली जागा भरायला लागले. शंभर लिटरची पाण्याची टाकी काठोकाठ भरली, म्हणजे शंभर किलो तिथेच गेले. जनरेटर, घडीच्या खुर्च्या, तंबू. (घर सोबत असताना तंबू कशाला, हे मी विचारलं नाही.) आईनं वांगी दिली, रोडग्याची कणीक दिली आणि गोवऱ्यांचं एक पोतं दिलं. फ्रिज असलेल्या घरात गोवऱ्या कशाला, असं जवाईबापू म्हणाले, तर आईनं उत्तरच दिलं नाही. रोडगे गॅसवर भाजणाऱ्या माणसाशी काय बोलायचं? पुन्हा काट्यावर नेलं तर बरोब्बर १७ क्विंटल.

खरी गंमत अडत्याकडच्या छोट्या काट्यावर झाली. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार नाकावर पाहिजे, असा ढोबळ नियम आहे. आमच्या हिशोबानं १७० ते २५५ किलो. नाक काट्यावर टेकवलं, आकडा थोडा नाचला आणि ७० वर बसला. जवाईबापू म्हणाले, "उत्तम! पिकअपवर ओझंच नाही."

आबा तिथेच तुरीचा भाव काढायला आले होते. त्यांनी आयुष्यात ट्रेलर ओढलेला नाही, पण बंडी चाळीसेक वर्षं हाकली आहे. ते नुसते मागं जाऊन दार उघडून पाहून आले. "जवाईबापू, टाकी मांगं, मशीन मांगं, गोवऱ्या बी मांगं. अशी भरली त बंडी मांगं झुकून उलार होते, बैलं जुवाले लटकते. समोर घ्या थोडं." हेच वाक्य जवाईबापूंनी मोबाईलवर एका गोऱ्या माणसाच्या तोंडून आधी ऐकलेलं होतं, पण ते सासऱ्याच्या तोंडून पटायला वेळ लागला. टाकी जागेवर बसवलेली, म्हणून ती अर्धी सोडली. जनरेटर, पोतं, तंबू आसाच्या पुढं आणले. आकडा १८५. आबांनी मान डोलावली आणि ते तुरीच्या भावाकडं वळले.

नाक ज्यावर बसतं तो लोखंडी गोळा पिकअपमागं जोडायचं काम वेल्डिंगवाल्या मिस्तरीकडं. त्याचं म्हणणं, हा गोळाबिळा कशाला, सरळ ट्रॉलीची पिन टाकू, ट्रॉली नाही का तीस क्विंटल ओढत? ओढते, पण ट्रॅक्टर चालतो वीसच्या चालीनं. तो पिन, खड्डा आणि देव यांच्या भरवशावर जाऊ शकतो. शेवटी गोळाच बसला. दोन साखळ्या मात्र मी कैची मारून लावून घेतल्या, डावीकडची उजवीकडं आणि उजवीकडची डावीकडं. नाक निसटलंच तर त्या फुलीवर अलगद पडतं, डांबरात रुतत नाही. मिस्तरी म्हणाला, "भाऊ, माह्या हातचं निसटत नाही." म्हणाला आणि साखळीची कडी दोनदा ओढून पाहिली.

परतवाड्यापर्यंत सगळं ठीक. तिथे चहाला थांबलो, तर जवाईबापूंनी पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन जार घेऊन मागच्या दाराशी ठेवले. टपरी त्या बाजूला होती, एवढंच कारण. बाहेर पडल्यावर रस्ता मोकळा मिळाला, काटा सत्तरला गेला आणि शेजारून एक ट्रक भर्रकन निघाला. आधी नुसतं वाटलं की पिकअपला कोणी मागून हळूच ढकलतंय. मग आरशात घराचा डावा कोपरा दिसला, मग उजवा, मग परत डावा.

"ब्रेक मारा, ब्रेक!" जवाईबापू.

"सरळ कर, वळव!" आई. नेमकं काय, ते तिलाच माहीत.

अशा वेळी करायचं काम फार थोडं असतं आणि म्हणूनच फार अवघड असतं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि हातांची खाज आवरायची. झोकाच्या उलट फिरवत बसलं तर झोका वाढतो, आणि जोरात ब्रेक मारला तर मागचं घर पुढं यायला पाहतं. वेग पन्नासच्या खाली आला तसं घर शहाणं झालं. त्यापुढं मी साठ ओलांडले नाहीत. मागून हॉर्न देणाऱ्या प्रत्येकाला मी मनातल्या मनात उत्तर दिलं: वेग दुप्पट केला तर थांबवायची ताकद चौपट लागते बाप्पा, आणि पिकअप आहे तेवढीच. जारही पुढं आले. जवाईबापूंनी ते स्वतः उचलले, न बोलता.

धामणगाव गढी सोडलं की घाट. एसी बंद, दुसरा गिअर, नजर इंजिनच्या तापमानावर. या डोंगराला जड ओझ्यांची सवय आहे. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाला वेढा घातला, तेव्हा कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेनं जड तोफा याच डोंगररांगेतून, रस्ता स्वतःच करत, माणसांच्या हातांनी ओढत नेल्या. १५ डिसेंबरला गड पडला आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी तह झाला तो आमच्या सुर्जी अंजनगावात. म्हणजे डोंगरावर जड काहीतरी ओढायचं आणि त्याचा निकाल अंजनगावात लागायचा, ही रीत आमच्याकडं जुनी आहे.

वर पोचलो. मुक्कामाच्या जागी घर रिव्हर्समध्ये लावायचं होतं. रिव्हर्समध्ये ट्रेलरला डावीकडं न्यायचं तर स्टिअरिंग उजवीकडं फिरवावं लागतं. हे लक्षात ठेवायची सोपी युक्ती म्हणजे हात स्टिअरिंगच्या खालच्या कडेला धरायचा. हात ज्या बाजूला जाईल, त्या बाजूला ट्रेलर. युक्ती उत्तम आहे, पण ती एकांतात चालते. तिथे चहावाला, दोन जीपवाले, सहलीचे मास्तर आणि त्यांची पोरं अशी सगळी मंडळी मदतीला आली. "येऊ द्या, येऊ द्या... काटा लेफ्ट... अजून काटा... बस बस बस!" त्यांची लेफ्ट पिकअपची की घराची, यावर त्यांच्यातच मतभेद होते. त्यात या ट्रेलरचे ब्रेक असे की नाक मागं दाबलं गेलं की आपोआप लागतात. उतारावर फार छान, पण रिव्हर्समध्येही त्याला तेच वाटतं. चाकं जागच्या जागी रुतली. नाकाजवळची खिट्टी पाडायची असते, हे जवाईबापूंना आठवलं तोपर्यंत क्लचचा वास देवी पॉइंटपर्यंत गेला असावा.

मुक्काम छान झाला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रोडगे गोवऱ्यांवर भाजले आणि सर्वांत जास्त जवाईबापूंनी खाल्ले.

उतरताना ते म्हणाले, "न्यूट्रल टाका ना, डिझेल वाचेल." मी त्यांच्याकडं पाहिलं, ते खिडकीबाहेर माकडं पाहायला लागले. ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरलो. इंजिन कुरकुरत धरून ठेवतं. ब्रेक द्यायचा तो नीट दाबायचा आणि सोडायचा, पायाखाली भिजत ठेवायचा नाही. तरी पायथ्याशी चाकाजवळ हात नेला, तर चुलीपाशी बसल्यासारखी धग लागली. टपरीवाला पिकअपला फेरी मारून आला आणि म्हणाला, "भाऊ, वरपर्यंत खेचली काय हे?"

"एकदम मक्खन!" जवाईबापू म्हणाले. माझा उजवा पाय अजून थरथरत होता.

घर आता आमच्या अंगणात आहे. जवाईबापू बडनेऱ्याहून रेल्वेनं पुण्याला गेले. "काही दिवस राहू द्या, मार्चमध्ये लोणारला जाऊ," असं सांगून. दरम्यान तूर निघाली, कोठा भरला आणि आबांनी उरलेली पोती घरात रचली. बहिणीनं फोनवर विचारलं, घर नीट आहे ना? आबांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"एकदम नीट हाये, पोरी. साठ टक्के समोर ठेवले, चाळीस मांगं. संडासात बी चार पोते बसले."