मूळ प्रत फ्लॅकमध्येच ठेवा

संगीताच्या फाइल्सवरच्या एका लेखात म्हटलंय, की ऐकायला ३२०चा (सेकंदाला ३२० किलोबिटचा) एमपीथ्री पुरतो, आणि संग्रहही त्यातच ठेवा. एमपीथ्री म्हणजे आवाजातलं काही गाळून फाइल लहान करणारा प्रकार; आकडा जितका लहान, तितकं जास्त गाळलं जातं. ऐकण्यापुरतं लेखातलं म्हणणं मला पटतं. माझ्या कानांनाही फरक सहसा कळत नाही. पण 'संग्रहही त्यातच ठेवा' हा सल्ला कृपया कोणी मानू नका.

मी २००८ साली वडिलांच्या शास्त्रीय संगीताच्या सीडी एमपीथ्रीत उतरवल्या. जागा वाचवायची म्हणून १२८वर. एका सीडीवर विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक होते, मूळ मैफलीत सलग गायलेले. एमपीथ्रीत त्या सांध्यावर तंबोरा क्षणभर तुटतो. एमपीथ्री करताना फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरली जाते, आणि प्लेअरने ती वगळली नाही तर असं होतं. पुढे फोनसाठी त्याच फाइल्स एएसीत (असाच गाळणारा दुसरा प्रकार) बदलल्या, तर तंबोऱ्याची आस (रेंगाळणारा नाद) आणखी मातकट झाली. एकदा गाळलेलं परत येत नाही, आणि दर बदलात नव्याने गाळलं जातं. तोवर निम्म्या सीडींना बुरशी लागली होती.

फ्लॅक हाही फाइल लहान करणारा प्रकार, पण त्यात काहीच गाळलं जात नाही. तासाभराची सीडी साधारण ६३५ एमबी, फ्लॅकमध्ये बहुधा ३०० ते ४००. म्हणजे ३०० सीडी सव्वाशे जीबीच्या आत मावतात. शिवाय फाइलमध्येच मूळ आवाजाचा एमडी५ (त्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) असतो, त्यामुळे डिस्कवर ती बिघडली का, हे तपासता येतं. (आयफोनवाल्यांना एएलएसी, म्हणजे अ‍ॅपलचा असाच न गाळणारा प्रकारही चालेल.) फोनसाठी त्यातूनच १२८चा ओपस (गाळून लहान केलेली फाइल) काढा, हवा तेव्हा पुसा.

आणि डिस्क दोन ठेवा, एक दुसऱ्याच्या घरी.