सी रांगेतला शिमगा

परवाचा राग अजून उतरलेला नाही. रविवार दुपार, ‘संगीत संशयकल्लोळ’, तिकीट पाचशे, रांग सी. पडदा वर गेला आणि डावीकडच्या काकूंनी नवऱ्याला विचारलं, "अहो, हा कोण?"

"फाल्गुनराव. संशयी."

"आणि ती?"

"कृत्तिका, त्याची बायको. तीही संशयी."

"मग जमतंय की!"

काकांचा आवाज नटांच्या माइकपेक्षा खणखणीत. त्यात नाटककार देवलांनी पात्रांची नावं पंचांगातून उचललेली. काकांना आयतंच कुरण मिळालं. "हे बघ, अश्विनशेट म्हणजे दिवाळी, भला माणूस. फाल्गुन म्हणजे शिमगा. घरात शिमगा कोण करतो? फाल्गुनराव! नोकर भादव्या."

"मग गणपती कधी येणार?"

"गणपती नाही गं यात."

तेवढ्यात अश्विनशेटच्या प्रेयसीला, रेवतीला, चक्कर येते, फाल्गुनराव तिला सावरतो, कृत्तिका ते पाहते.

"हा तिला का धरतोय?"

"चक्कर आली तिला."

"बरोबर याच्याच पुढ्यात?"

"अगं, ऊन लागलं."

"तुमच्या ऑफिसातल्या त्या बाईंनाही ऊनच लागायचं."

काका गप्प. मला नाटक ऐकू आलं ते तेवढंच. मग तसबीर निघाली.

"फोटो कुणाचा?"

"अश्विनशेटचा. रेवतीकडून पडला, कृत्तिकेनं उचलला, आता फाल्गुनरावाला वाटतंय..."

"वाटणारच! परक्या पुरुषाचा फोटो बघत कशाला बसायचं?"

"मघाशी तू तिच्या बाजूनं होतीस."

"मी कुणाच्याच बाजूनं नाही. तुम्ही नीट सांगत नाही."

हा घोळ नाटककार मोलिएरनं १६६० मध्ये फ्रेंचांना घातला, मर्फीनं १७६१ मध्ये इंग्रजांना. तिथून देवलांनी १८९३ मध्ये तो गद्यात आणला आणि १९१६ मध्ये पदांसकट गंधर्व नाटक मंडळीनं रंगमंचावर उभा केला. एवढ्या लोकांना कळला, काकूंनाच कळेना.

मी अगदी हलक्या आवाजात म्हणालो, "काका, जरा..." तर मागून "शूऽऽ!" मला! डोअरकीपरनं बॅटरी मारली तीही माझ्याच तोंडावर. काकांनी मान हलवली. "हल्ली लोकांना नाटक बघायची शिस्तच नाही."

मध्यंतरात माझ्या पुढ्यातला शेवटचा बटाटेवडाही काकांनीच नेला. त्याचं एक वेळ सोडा. पण नाटकाआधी मोबाइल बंद करायची घोषणा होते, नवऱ्यांसाठी का होत नाही? वेफर्सच्या पुड्या, रडणारी पोरं, घोरणारे पाहुणे, सगळं आम्ही पाचशे रुपये मोजून सोसायचं आणि वर रसिक म्हणवून घ्यायचं.

‘कर हा करी धरिला शुभांगी’ सुरू झालं. याच पदासाठी आलो होतो. काकांनी आम्हा दोघांत एकच असलेल्या खुर्चीच्या हातावर अंगठीनं ठेका धरला, टक् टक्, आणि समेच्या अलीकडे हमखास थांबायचे. वन्समोअर मिळाला. काकूंनी विचारलं, "लग्न झालं का यांचं?"

"होतंय."

"मग आता पुन्हा का गातोय?"

बायकोनं घरी विचारलं, कसं झालं नाटक? म्हटलं, छान. एकटेच गेला होतात ना, म्हणाली.