डबा तसाच राहिला

आज परतवाड्याला लग्नाच्या पंगतीत शेजारचे एक पाहुणे म्हणाले, "गुरुजी, तुमच्या मेळघाटात दवाखाने बांधून फायदा काय? ते लोकं तर भुमकाकडेच जातात!" भुमका म्हणजे कोरकू आदिवासींचा गावातला वैदू. लग्नघर होतं, म्हणून गप्प वरणभात कालवला. पण एसटीत बसल्यापासून डोकं तापलंय.

माझ्या वर्गातल्या एका पोरीच्या आईला रात्री कळा सुरू झाल्या. लोकांनी तिला बाजेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. भुमकाकडे नाही, दवाखान्यात. मी मोटरसायकलनं मागे. सिस्टरनं नुकताच डबा उघडला होता. पोळी अन् वांग्याची भाजी. तो तसाच ठेवून ती उठली. मूल आडवं होतं. सिझर करायला डॉक्टर होते, भूल द्यायला कोणी नव्हतं. कागदावर लिहिलं, रेफर.

रेफर म्हणजे हरिसाल, मग सेमाडोहचा घाट, मग परतवाडा, मग कुठं अमरावतीचं डफरीन, बायकांचं सरकारी हॉस्पिटल. अमरावतीकराला डफरीन म्हणजे ऑटोचं भाडं. आमच्याकडे तेवढ्यात रात्र सरते. १०८ आली हो, नाही म्हणत नाही. पण गाडीत भूलतज्ज्ञ बसवून येत नाही ना!

जातात काही जण भुमकाकडे. लेकरांच्या पोटावरचे डंब्याचे डाग, म्हणजे तापल्या लोखंडाचे चटके, मी स्वतः पाहिलेत. पण भुमका रात्री दोनलाही गावात सापडतो अन् कोरकूत बोलतो. तुमचा भूलतज्ज्ञ कुठं सापडतो?

१९९३ साली इथली लेकरं कुपोषणानं गेली तेव्हा मेळघाट पेपरात आला. मंत्री आले, गेले. २०१९ ला बैरागडच्या कोल्हे डॉक्टर दांपत्याला पद्मश्री मिळाली, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मीही ठेवला. दोन माणसांनी जंगलात जन्म काढला म्हणून बाकीच्या खुर्च्या रिकाम्या चालतात का? डॉक्टरांचंही खरं आहे, क्वार्टर गळतं, लेकरांच्या शाळेचा प्रश्न असतो. बरं, मान्य. पण मग मास्तर कसा राहतो बाप्पा?

जाऊ द्या. पाहुणेही वाईट नव्हते, आग्रह करकरून माझ्या ताटात दोन जिलब्या वाढायला लावल्या.

त्या रात्री सिस्टर गाडीत बसली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. घाटभर त्या बाईचा हात धरून होती. बाई वाचली. पोराचं विचारू नका.

माझी मोटरसायकल दवाखान्यातच होती, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतून परतलो. टेबलावर डबा उघडाच, भाजीला मुंग्या. सिस्टरनं तो नळाखाली धुतला, पदराला हात पुसले अन् बाकावरच्या बाईला म्हणाली, "ये माय, नाव सांग."