रेंज हवी? मग पाहुणे व्हा

कोल्हापुरात कुठल्या कंपनीचं सिम घ्यावं, हा प्रश्न चारचौघांत विचारणार असाल तर आधी अख्खी दुपार मोकळी ठेवा. मिसळीच्या टेबलावर विचारलात तर कट संपेल, पाव संपतील, विषय संपणार नाही. आपल्याकडं सिमकार्ड म्हणजे तालीम. ज्या पेठेत जन्मलो त्या पेठेचा फुटबॉल संघ, आणि चुलत्यानं पहिल्यांदा ज्याचं रिचार्ज मारून दिलं ती आपली कंपनी. सामना हरला म्हणून पाटाकडील तालमीचा माणूस खंडोबा तालमीचा झालेला कधी ऐकलाय? तसंच हे. स्वतः गच्चीवर जाऊन, एक हात वर करून बोलणारा गडी खाली आल्यावर छातीठोकपणे सांगतो, "भावा, आमच्या कंपनीचा नाद करायचा न्हाई."

तरीही तुलना करायचीच असेल तर शास्त्रशुद्ध करा. पहिल्यांदा दोन फोन शेजारी ठेवून रेंजच्या दांड्या मोजा. किती ताकदीला किती दांड्या दाखवायच्या, याचा जगात एकच एक नियम नाही. ज्याचा फोन त्याचा हिशेब. २०१० मध्ये खुद्द ॲपलनं कबूल केलं होतं, की आयफोनमधलं दांड्यांचं गणितच पार चुकलं होतं, आणि रेंज कमी असतानाही फोन जादा दांड्या दाखवत होता. म्हणजे दांड्या चार आणि नेटवर्कची दांडी, हा प्रकार फक्त आपल्याच वाट्याला आलेला नाही. तेव्हा तुम्ही मोजाच. वाद घालायला आकडा लागतो, तो खरा असावाच लागतो असं नाही.

दांड्यांनी समाधान झालं नाही तर नकाशा उघडा. हल्ली कंपन्या आपल्या वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशा टाकतात. आमची गल्ली त्यात इतक्या गडद रंगात रंगवली आहे, की बघूनच ऊर भरून येतो. नकाशात गल्ली असते, घराचा पुढचा सोपा नसतो, एवढंच.

आमच्या घराचं सांगतो. घर जुनं, भिंती हातभर जाडीच्या. सोप्यात रेंज शून्य. माजघरात समोरच्याचं ऐकू येतं, आपलं त्याला जात नाही. न्हाणीत का कोण जाणे, नेट चालतं. आणि परड्यात, पेरूच्या झाडाखाली, दगडी डोणीकडं तोंड करून उभं राहिलं की अमृतवाणीसारखा स्वच्छ आवाज. त्यामुळं आमच्या घरातलं प्रत्येक महत्त्वाचं बोलणं पेरूखाली होतं. धाकट्याचं लग्न तिथं ठरलं, थोरल्याचं कर्ज तिथं नामंजूर झालं, आणि दोन्ही बातम्या आम्हाला कळायच्या आधी परड्याला परडं लागून असलेल्या चार घरांना कळल्या. शेजारच्या काकूंनी तर एकदा भिंतीपलीकडून दुरुस्ती केली, "आठ न्हाई, साडेआठ टक्के म्हणाला की तो बँकवाला!" एवढं पारदर्शक नेटवर्क कुठल्या प्रगत देशात मिळतं ते दाखवा.

यामागं विज्ञान आहे. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत घुसतात. फाइव्ह-जीचा मोठा भार मात्र ३३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींवर, आणि त्यांच्यावर नेट वेगानं पळत असलं तरी भिंत दिसली की त्या हातपाय गाळतात. म्हणून तुम्ही काय करा, महागातला फाइव्ह-जी फोन घ्या आणि अंगणात झोपा.

वैतागून नंबर पोर्ट करायचा विचार मनात आला तर खुशाल करा. २०११ पासून देशभर ती सोय आहे. १९०० वर मेसेज टाकायचा, कोड येतो. मी टाकला. कोड यायच्या आधी जुन्या कंपनीतून एका गोड मुलीचा फोन आला, "सर, आमचं काय चुकलं?" मी सोप्यात होतो. तिला माझं एक अक्षर ऐकू गेलं नाही, आणि मी नाराज नाही असं समजून तिनं फोन ठेवला.

जाता जाता भूगोलही शिकून घ्या. टेलिफोन खात्याच्या जगात महाराष्ट्र सर्कलमध्ये, म्हणजे सेवेच्या विभागात, गोवा आहे आणि मुंबई नाही. १९६७ च्या कौलात गोव्यानं महाराष्ट्रात यायला नकार दिला, तो खात्यापर्यंत पोचलाच नसावा. बहुतेक पत्ता रेंजबाहेरचा होता. मुंबईसाठी लोकांनी छातीवर गोळ्या झेलल्या, ती वेगळी सर्कल. सीमाप्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागो, कागल ओलांडून निपाणीकडं निघालं की फोन आपला निकाल देऊन मोकळा होतो.

आता परदेश. इथं तुलना करायचा मान परदेशी जाऊन आलेल्यालाच, आणि तो मान सोडत नाही. युरोपची टूर करून आलेले गृहस्थ सांगतील, "जुंगफ्राऊवर बर्फात व्हिडिओ कॉल लागला हो, आणि आपल्या करूळ घाटात साधा मिस कॉल जात नाही!" त्यांना माना डोलवा. दुबईतला मावसभाऊ रेंजचं तोंडभर कौतुक करेल. पण तिथं व्हॉट्सॲपवरून नुसता आवाजी कॉलसुद्धा लागत नाही, हे त्याच्या आईला विचारा. ती बिचारी दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवते आणि उत्तराची वाट बघत देवापुढं बसते.

आणि अमेरिकेतला भाचा. तो दिवाळीला आला, सोप्यात पाय पसरून बसला, आणि त्याचा फोन खणखणीत वाजला. सोप्यात! आम्ही सगळे भिंतीकडं बघायला लागलो. मग त्यानं गुपित सांगितलं. त्याचं सिम तिकडचं, रोमिंगवर. त्याच्या कंपनीचे इकडच्या एकाहून जास्त कंपन्यांशी करार, त्यामुळं ज्याचा टॉवर बरा दिसेल तो फोन धरतो. तुमचं-माझं सिम एकाच घरी बांधलेलं, घरजावई. रोमिंगचं सिम खरा जावई. कुठल्याही दारात गेलं तरी पाट-रांगोळी. त्याच्या न्यू जर्सीच्या घरात बेसमेंटला रेंज नाही, तिथं तोही गाडीपाशी जाऊन बोलतो, हे त्यानं जरा हळू आवाजात सांगितलं.

तेव्हा माझा सल्ला सरळ आहे. कोल्हापुरात रेंज हवी तर अमेरिकेचं सिम घ्या. रोमिंगमध्ये डेटा बहुतेक वेळा सिमच्या मायदेशी जाऊन परत येतो. म्हणजे तुम्ही शिवाजी पेठेत बसून रंकाळ्यावर पाऊस आहे का बघणार, आणि तो प्रश्न सातासमुद्रापार जाऊन उत्तर घेऊन येणार. भाच्याच्या प्लॅनमध्ये कॉलला मिनिटाला २५ सेंट पडतात. मानाचं म्हणून काही मोजावं लागतंच.

आम्ही लगेच प्रयोगही केला. आबा परड्यात पेरूखाली बसले होते. सोप्यापासून पावलं मोजली तर पंचवीस. बायकोनं भाच्याचा फोन घेतला, "आबा, चहा झालाय" एवढंच सांगायला नंबर लावला. रिंग गेली, आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला. आबांनी खिशातून बटणांचा फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरून नंबर वाचला आणि कट केला. मग माजघर, सोपा आणि शेजारची चार घरं ओलांडून त्यांचा आवाज आला, एकदम स्वच्छ:

"आरं, परदेशातनं फोन यायलाय! फसवणुकीचा आसंल, कुणी उचलू नका!"