स्टॅम्पपेपरवरचा दुसरा पॅरा

गड्ड्याचं, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर जत्रेचं दारूकाम संपलं आणि आम्ही होम मैदानावरून चालत कन्ना चौकातल्या आमच्या कट्ट्यावर आलो. दरवर्षीचा शिरस्ता आहे. मान वर करून करून दुखायला लागली की इथं येऊन चहा मारायचा, डिस्को भजी मिळाली तर हाणायची, मग घरी. यंदा मात्र मैदानातच गाडी वेगळ्या रुळावर गेली होती.

गर्दीत मल्लूकडं कामाला असलेला पोरगा भेटला. पंचवीस वर्षांचा. पहिला गोळा फुटला तसा तो मटकन खाली बसला. सगळी पब्लिक आभाळाकडं बघायलेली आणि हा जमिनीकडं. रियाजनं त्याला चहा दिला तर त्यानं कप दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरला, बोटं लावलीच नाहीत. उजव्या हाताची बोटं मिटतच नाहीत त्याची. कातडी गुलाबी, चकचकीत, फुगवलेल्या फुग्यासारखी ताणलेली.

मेमध्ये जुळे सोलापुरात एका इमारतीच्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत तो आतून थिनरमधला काळा रंगाचा कोट मारायला उतरला होता. वायर सोडून आत हॅलोजन लावलेला. दुपारी भडका उडाला.

"बिडी पेटवली असणार बे त्यानं," मल्लू चहाचा ग्लास ठेवत म्हणाला. मल्लू लेबर ठेकेदार आहे, त्या इमारतीचं ते काम त्यानंच उक्तं घेतलं होतं.

रियाज फॅब्रिकेशनवाला. तेलकट हात ऑक्सिजनच्या नोझलला लावला म्हणून त्यानं स्वतःच्या भाच्याला कानाखाली दिलेली आम्ही पाहिली आहे. तो म्हणाला, "बिडी कशाला लागतीय? थिनरची वाफ हवेपेक्षा जड. ती वर येत नाही, टाकीच्या तळाला साचून राहती. आत हवा मारायला ब्लोअर नाही, वर एकच माणूस जाईल एवढं तोंड, आणि त्यात तुझा हॅलोजन. तापलेली काच किंवा ढिल्या जोडाची एक ठिणगी बास झाली. मी तर त्या टाकीत शिडीसुद्धा लोखंडी उतरवली नसती."

"म्हणजे चूक माझी?"

"चूक कुणाची हा प्रश्नच नाही की इथं," पम्या म्हणाला. पम्या वकील आहे. अजून ज्युनिअरच, पण कामगार कोर्टात रोज उभा असतो. "१९२३चा नुकसानभरपाई कायदा हयगय विचारत नाही. अपघात कामामुळं आणि कामाच्या ओघात झाला का, एवढंच विचारतो. झाला असेल तर मालक देणं लागतो."

मल्लू पेटला. "मी काय पळून गेलो का? त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. औषधाचं मी बघितलं. वर चाळीस हजार रोख दिले. उद्या बिडी ओढून कुणी पण पेटवून घेईल, मग मीच भरायचं?"

"दारूच्या नशेत होता, किंवा सुरक्षेचा स्पष्ट हुकूम मुद्दाम मोडला, असं तुला म्हणता येतं. पण माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला तर तेवढंही चालत नाही. आणि तुझा हुकूम होता कुठं? पाटी लावलेलीस?"

मल्लूनं उत्तर दिलं नाही. शेंगाचटणीतला एक शेंगदाणा वेचून खाल्ला.

अण्णा इतका वेळ मफलरीत होते. गिरणीत अख्खी हयात गेली त्यांची. त्यांनी विचारलं, "त्याचं नाव तर कुठल्या मस्टरवर नाही. आठवड्याच्या आठवड्याला रोख. मग कसला मालक आणि कसला कामगार?"

हा प्रश्न सोलापुरात कुठल्याही नाक्यावर विचारा, हेच ऐकायला मिळेल: रोजंदारीवाल्याला कसले हक्क! पम्यानं सांगितलं की आधी कायद्यात नैमित्तिक कामगाराला वगळायची एक खाच होती, ती २०००च्या दुरुस्तीत गेली. बांधकाम तर कायद्याच्या परिशिष्टात नावानिशी आहे. मस्टर नसलं तरी मुकादमाचे फोन, मजुरीचे फोनपे, साईटवरचे फोटो, सोबतच्या गवंड्याची साक्ष, सगळं चालतं. आणि ठेकेदाराच्या माणसाचं देणं मूळ मालकावरही येतं. "तुझ्या एकट्याच्या गळ्यात नाही हे मल्ल्या. अर्जात बिल्डरलाही सामनेवाला करायचं. इमारती बांधणं हा त्याचा धंदा, त्या धंद्यातलं काम तुझ्याकडून करून घेतलं. १२ कलमाखाली त्यानं भरावं आणि मग तुझ्याकडून वसूल करायचं का ते त्यानं बघावं."

हे ऐकून मल्लूचा आवाज पहिल्यांदा खाली आला, हे मी पाहिलं.

अण्णांना भलतीच काळजी. त्यांच्या घरावर मजला चढतोय. पम्यानं त्यांना मोकळं केलं, पण अर्धंच. घर बांधणं हा तुमचा धंदा नाही, ठेकेदार नेमलाय तर त्याच्या माणसांचं देणं त्या कलमानं तुमच्यावर येत नाही. पण ठेकेदाराचे पैसे वाचवायला नाक्यावरून स्वतःच बिगारी आणून लावलेत, तर मालक तुम्हीच. अण्णांचा ठेकेदार परवाच सोडून गेलाय, त्यामुळं पुढची पाच मिनिटं ते गप्प होते.

"आकडा सांग," रियाज म्हणाला.

पम्यानं माझ्याच खिशातलं पेन घेतलं आणि भज्याच्या कागदावर मांडलं. रोज सातशे, महिन्याचे सव्वीस दिवस, अठरा हजार दोनशे. पण हिशेबाला १५,०००च धरायचे, २०२० पासून तीच मर्यादा आहे. त्याच्या ६० टक्के ९,०००. वय पंचवीस, कायद्यातल्या वयाच्या तक्त्यातला गुणक २१६.९१. गुणाकार १९,५२,१९०. पूर्ण निकामी झाला तर एवढे. मेला असता तर ५० टक्क्यांनी १६,२६,८२५, आणि ते पैसे घरी नेऊन देऊन चालत नाहीत, नुकसानभरपाई आयुक्तांकडं जमा करावे लागतात. आमच्या इथं ते काम कामगार न्यायालयच बघतं. अपंगत्व अर्धवट असेल तर कमाईची ताकद जेवढी गेली तेवढे टक्के. डॉक्टरनं ३० टक्के म्हटलं तर ५,८५,६५७. जेवढे दिवस घरी बसला, त्याचे दर पंधरवड्याला ३,७५० वेगळे. दवाखान्याचा खरा खर्च वेगळा.

तेल लागून कागद पारदर्शक झाला होता. मल्लू तो उजेडाकडं धरून बघत राहिला. "वीस लाखाच्या गप्पा मारायलास तू? मला त्या टाकीचे सुटले किती, ते विचार."

"एका हाताचे तीस टक्के कसे?" रियाजचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. "हाताशिवाय बिगारी म्हणजे काय?"

हा खरा मुद्दा, आणि पम्याचा आवडता. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयापुढं प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास साबता हे प्रकरण आलं होतं. सिनेमा थिएटरच्या सजावटीचं काम करणारा सुतार पडला आणि डावा हात कापावा लागला. मालक म्हणत होता, कायद्यातल्या अवयवांच्या तक्त्याप्रमाणं टक्के धरा. कोर्टानं म्हटलं, एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणजे नुकसान शंभर टक्के. शिवाय देणं अपघाताच्या दिवसापासूनच लागू होतं, निकालाच्या दिवसापासून नाही. महिन्याभरात दिलं नाही तर बारा टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. डॉक्टर शरीराचे टक्के लिहितात. कमाईचे टक्के भांडून घ्यावे लागतात.

"आता नवीन कायदे आलेत म्हणं," अण्णा परत जागे झाले.

आलेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, १९२३चा कायदा त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. पोराचा अपघात त्याआधीचा, मेचा, त्याला जुनाच कायदा. दोन्हीकडं मुदत दोन वर्षांची. कामाच्या जागेवरच्या सुरक्षेची जी दुसरी संहिता आहे, तिच्यात एक चांगली गोष्ट आहे: नियम मोडल्यानं कुणी मेला किंवा गंभीर जखमी झाला, तर दंडातली निदान निम्मी रक्कम त्याला किंवा वारसाला द्या, असं कोर्ट सांगू शकतं. एरवी दंड सरकारजमा व्हायचा आणि भाजलेला तसाच.

बांधकाम कामगार मंडळाचाही विषय निघाला. कामावर मृत्यू झाला तर नोंदणीकृत कामगाराच्या घरच्यांना मंडळाकडून पाच लाख मिळतात, आणि ते कोर्टातल्या भरपाईत वळते होत नाहीत. नोंदणीला ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मंडळाच्या भांड्यांच्या संचासाठी रांगा लागतात, पण ठेकेदाराला दाखल्यावर सही कर म्हटलं की त्याचं पेन हरवतं. मल्लूकडं कुणी बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

"दवाखान्यात काय सांगितलंत?" पम्यानं अचानक विचारलं.

मल्लू जरा थांबला. "घरी गॅस भडकला. बिल्डरचा माणूस म्हणाला, पोलिसांचं लफडं नको."

रियाजनं शिवी दिली, ती इथं लिहीत नाही. केसपेपरवर पहिल्या तासात जे लिहिलं जातं ते पुढं वर्षानुवर्षं सोबत येतं. कोर्टात पहिला प्रश्न तोच असतो: तुम्ही तर घरी भाजलात ना? पम्याचं म्हणणं, यानं दावा मरत नाही, पण लंगडतो. मग साक्षीदार शोधा, आणि ते तर आता पुण्याच्या साईटवर.

"आणि तसंही," मल्लूनं शेवटचं पान टाकलं, "त्यानं लिहून दिलंय. पाचशेच्या स्टॅम्पवर. तक्रार नाही, काही मागणार नाही. विचार याला, यानंच टाईप केलंय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझं कोर्टाबाहेर टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. टाईप केलं होतं. असे कागद मी महिन्याला दोन-चार टाईप करतो, मजकूर ठरलेला असतो, नावं तेवढी बदलतो. चांगलं वाटतं असं नाही.

"तो कागद रद्दी," पम्या म्हणाला. "हक्क सोडून दिला असा करार १७ कलमानं शून्य. तडजोड करायची तर आयुक्तांकडं नोंदवावी लागती. नोंदवली नाही तर पूर्ण देणं तसंच उभं राहतं, आणि दिलेल्यातले निम्मेच वजा होतात, आयुक्तांनी वेगळं सांगितलं नाही तर. तुझ्या चाळीसचे वीस झाले." मग माझ्याकडं वळून, "मजकूर काय होता रे?"

मला पाठ आहे. पहिल्या पॅऱ्यात नाव-वय-पत्ता. दुसऱ्यात: "सदर ठेकेदार यांच्याकडे रोजंदारीवर असताना, साईटवरील पाण्याच्या टाकीचे काम करीत असताना मी अपघाताने भाजलो असून, त्यात ठेकेदार यांचा कोणताही दोष नाही."

पम्या हसायलाच लागला. "रोजंदारीवर असताना. साईटवर. काम करीत असताना. अरे, हे तीन शब्द सिद्ध करायला आम्ही दोन-दोन वर्षं घालवतो! सह्या कुणाच्या?"

"पोराचा डावा अंगठा, उजवा हात बँडेजमध्ये होता. दोन साक्षीदार. आणि मल्लूची."

कट्ट्यावर कुणी काही बोललं नाही. मल्लूनं ग्लासातला गार झालेला चहा गटारीत ओतला.

"मूळ कागद माझ्याकडं आहे," तो थोड्या वेळानं म्हणाला, माझ्याकडं न बघता. "तुझ्या कॉम्प्युटरमधला तेवढा काढून टाक की."

मी म्हणालो, काढीन. पण टाईप केलं त्याच दिवशी पोराच्या आईनं मागं थांबून सहीसकट एक झेरॉक्स काढून नेलीय. दोन रुपये दिले तिनं, सुट्टे.