टीडीएस मीटरचा व्हिडिओ बघून बॉयलरचा सॉफ्टनर बंद करू नका

सोलापूरला एमआयडीसीत माझ्या भाच्याचं सूत रंगवायचं छोटं युनिट आहे, टॉवेलवाल्यांची कामं घेतो; रंगाईची वाफ बॉयलरमध्ये बनते, आणि बॉयलरला जाणारं जड पाणी आधी सॉफ्टनरच्या टाकीतून मऊ होतं. परवा त्याचा फोन आला, "मामा, सॉफ्टनर बायपास केला, मिठाचा खर्च वाचला, व्हिडिओ पाठवतो बघा." पाठवला. व्हॉट्सॲपवर फिरून फिरून आलेला. एक माणूस सॉफ्टनरच्या आधीचं आणि नंतरचं पाणी दोन ग्लासांत घेतो, टीडीएस मीटर बुडवतो, दोन्हीकडे जवळपास तोच आकडा येतो, आणि तो म्हणतो बघा, सॉफ्टनर ही शुद्ध लूट आहे. खाली मजकुरात उपाय दिलेत: पाण्यात तुरटी फिरवा, पाइपला चुंबक बांधा, महिन्यातून एकदा फीड टँकमध्ये (बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या टाकीत) ॲसिड सोडा, आणि थोडा थर राहिलाच तर उत्तम, त्याने लोखंड गंजत नाही. घरच्या बादलीपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण बॉयलर चालवणाऱ्या पोराने हे वाचून व्हॉल्व्ह फिरवलाय.

पहिलं ते मीटरचं. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेवढं बघतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देतो. त्यात कॅल्शियम किती आणि सोडियम किती, हे त्याला कळायचा मार्गच नाही. आणि सॉफ्टनरचं काम क्षार कमी करायचं नाहीच, ते बदलायचं आहे. टाकीतलं रेझिन, म्हणजे प्लास्टिकचे बारीक मणी, पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडतं; मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन परत तयार करायचे, याला रिजनरेशन म्हणतात, मीठ लागतं ते इथे. समजा बोअरच्या पाण्याची हार्डनेस, म्हणजे जडपणा, ४०० आहे (लिटरमागे मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने) आणि सगळी कॅल्शियमचीच आहे, तर लिटरमागे १६० मिलिग्रॅम कॅल्शियम जातं आणि १८४ मिलिग्रॅम सोडियम येतं. म्हणजे सॉफ्टनर चांगला चालत असेल तर टीडीएस किंचित वाढायलाच हवा! व्हिडिओवाल्याने फसवणुकीचा पुरावा म्हणून जे दाखवलं तेच सॉफ्टनरचं रोजचं काम आहे.

हार्डनेस बघायची तर हार्डनेसची टेस्ट करा. किट सगळीकडे मिळतं. नमुन्यात बफरचे थेंब टाकायचे, इंडिकेटरची चिमूट टाकायची. पाणी जड असेल तर वाइनसारखा लाल रंग येतो, मग थेंब थेंब ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून घेणारं रसायन) टाकत तो निळा होईपर्यंत मोजायचं. सॉफ्टनर नीट चालत असेल तर थेंब टाकायची वेळच येत नाही, पाणी पहिल्यापासून निळं. भाच्याच्या पॅनलशेजारी हे किट पडलेलं आहे, मी स्वतः पाहिलंय, आणि तरी विश्वास कशावर तर मीटरवर.

हे सोडियम आलं तर चालतं कसं, असा प्रश्न पडेल. सोडियमचे क्षार गरम पाण्यात विरघळलेले राहतात, ब्लोडाऊन मारला, म्हणजे बॉयलरमधलं थोडं पाणी सोडून दिलं, की बाहेर जातात. कॅल्शियमचं उलटं आहे. कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की फुटतं आणि त्याचं कार्बोनेट होऊन बसतं, आणि पाणी जितकं गरम तितकं ते कमी विरघळतं. म्हणजे थर नेमका तिथेच धरतो जिथे नळी सगळ्यात जास्त तापलेली असते. भाच्याचा हिशोब त्याला फोनवरच करून दाखवला: दिवसाला ५ हजार लिटर मेकअप पाणी (वाफ होऊन गेलेल्याच्या जागी भरायचं नवं पाणी), हार्डनेस ४००, म्हणजे रोज २ किलो चुना बॉयलरमध्ये जातो. महिन्याला पन्नास किलोच्या वर, सिमेंटची एक गोणी धरा. त्यातलं सगळं नळ्यांवर बसत नाही, काही गाळ होऊन ब्लोडाऊनला निघतं, मान्य. पण निम्मं जरी बसलं तरी काय उरलं?

आणि हे माझं मत नाही. लहान-मध्यम प्रेशरच्या बॉयलरसाठी भारतीय मानक आहे, आयएस १०३९२. त्यात २० किलो (चौरस सेंटिमीटरला) प्रेशरपर्यंत फीड वॉटरची हार्डनेस जास्तीत जास्त १०, आणि त्याच्या पुढे ३९ किलोपर्यंत फक्त १. प्यायच्या पाण्याचं मानक २०० पर्यंत चालवून घेतं, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत. म्हणजे "आम्ही हेच पाणी पितो, काही होत नाही" हे बॉयलरसमोर कामाचं नाही.

आता तुरटी, जिच्यावर मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण ती ऐकायला एकदम घरगुती वाटते. तुरटीने गढूळ पाण्यातला गाळ खाली बसतो, पाणी नितळ दिसतं, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आलंय आणि ते खरंही आहे. पण कॅल्शियम विरघळलेलं असतं, ते दिसत नाही आणि गाळाबरोबर बसत नाही. उलट तुरटीतलं सल्फेट पाण्यात उतरतं, बायकार्बोनेट खर्ची पडतं, आणि जी हार्डनेस निदान उकळून तरी मऊ चुना झाली असती ती कॅल्शियम सल्फेटची होते. सल्फेटचा थर दगडासारखा, ब्रशने निघत नाही. आणि पुढची कमाल बघा, तो ॲसिडलाही फारसा दाद देत नाही, आणि त्याच मेसेजचा पुढचा उपाय ॲसिड!

ॲसिडने कार्बोनेट विरघळतं हे बरोबर आहे, बॉयलरचं केमिकल क्लीनिंग होतंही. पण ते बॉयलर बंद करून, थंड करून, लोखंड वाचवायचं इन्हिबिटर घालून, ताकद मोजून, नंतर न्यूट्रल करून, जाणत्या माणसाच्या हातून होतं. चालू बॉयलरच्या फीड टँकमध्ये ॲसिड ओतलं तर जिथे थर नाही तिथलं उघडं लोखंड आधी खाल्लं जातं, पंप आणि फीड लाइन सकट, आणि लोखंड-ॲसिडमधून हायड्रोजन निघतो, जो पेटतो. बॉयलर अटेंडंट त्या ड्रमपासून चार हातांवर उभा असतो. ज्याने हे टाइप केलंय त्याने तिथे उभं राहून दाखवावं.

चुंबकाचं थोडक्यात. चुंबकाने क्रिस्टलचा आकार बदलतो असं काही प्रयोगांत दिसलंय, काहींत नाही. दिसलं तरी कॅल्शियम पाण्यातच राहतं, आणि बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होऊन जाते, कॅल्शियमला जायला जागा नाही.

"थोडा थर चांगला" यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. थंड पाण्याच्या लोखंडी पाइपलाइनीत चुन्याचा पातळ थर गंजापासून वाचवतो, पाणी असा थर धरेल का हे सांगणारा इंडेक्सच लँगेलियर नावाच्या संशोधकाने १९३६ मध्ये दिला. पण ती गोष्ट थंड पाइपची. बॉयलरच्या नळीला वाचवते ती मॅग्नेटाइटची (लोखंडाच्या ऑक्साइडची) काळी पातळ कातडी, पाण्याचा पीएच आणि ऑक्सिजन सांभाळला तर ती आपोआप तयार होते. चुन्याचा थर उष्णता अडवतो, मग नळीचं लोखंड जास्त तापतं, फुगतं, शेवटी फुटतं. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या आकड्यांनुसार १ मिलिमीटर थराला ५ ते ८ टक्के जादा इंधन लागतं. ब्रिकेटच्या (जळणाच्या दाबलेल्या विटांच्या) बिलावर हे लावून बघा आणि मग मिठाचं बिल शेजारी ठेवा.

मिठाचं खारं पाणी गटारात जातं ही तक्रार मात्र रास्त आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे रिजनरेशन घड्याळ बघून नाही तर टेस्ट बघून मारणं आणि कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं पाणी) परत फीड टँकला आणणं, त्याने मेकअप घटतो आणि मीठही.

भाच्याला सांगितलंय: बायपास आजच बंद कर आणि त्याला कुलूप लाव, रेझिनला रिजनरेशन दे, रंगाच्या टाकीचं पाणीही तपास कारण जड पाण्यात रिॲक्टिव्ह डाय नीट चढत नाही, रोज सकाळी हार्डनेस वहीत लिही, चिमणीचं टेंपरेचर त्याच लोडला चढत चाललंय का बघ (थराने उष्णता अडली की ती चिमणीतून जाते), आणि पुढच्या शटडाऊनला मॅनहोल उघडशील तेव्हा मला बोलव.