परतीची वेळ कोणी ठरवायची?

आमच्या कट्ट्यावरचा एक मित्र येत्या जूनमध्ये सहा हजार मीटरहून उंच अशा हिमालयातल्या एका शिखरावर चढाईला जाणार आहे. परवा संध्याकाळी चहा घेताना कोणीतरी त्याला विचारले की, परत फिरायचे हे तू कधी ठरवणार? ‘वरची परिस्थिती पाहून,’ असे तो म्हणाला आणि तिथून वाद सुरू झाला.

आमच्यातल्या डॉक्टर मित्राचे म्हणणे असे की, परिस्थिती जोखणारा मेंदूच वर भरवशाचा राहत नाही. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश असतो. प्राणवायू कमी पडला की विवेक मंदावतो आणि तो मंदावल्याचे ज्याचे त्याला कळत नाही. म्हणून परतीची वेळ खालीच ठरवावी आणि वर गेल्यावर तिच्याविषयी बोलूसुद्धा नये.

जाणाऱ्या मित्राने त्यावर गोरान क्रॉपचे उदाहरण दिले. स्टॉकहोमपासून सायकलने नेपाळला आलेला हा गिर्यारोहक मे १९९६च्या सुरुवातीला सिलिंडरच्या प्राणवायूशिवाय, एकट्याने, मांडीएवढ्या बर्फातून एव्हरेस्ट चढत होता आणि माथा अवघा शंभरेक मीटर उरला असताना उशीर झाला म्हणून परतला. २३ मे रोजी त्याने शिखर गाठलेही. ‘त्याचा विवेक त्या उंचीवर शाबूत राहिला, मग माझा का राहणार नाही?’ हा त्याचा प्रश्न रास्त होता.

पण ही गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग मला त्याला सांगावाच लागला. क्रॉपच्या त्या माघारीचे कौतुक करणाऱ्यांत रॉब हॉल होता. एव्हरेस्टवर अनेकदा जाऊन आलेल्या या न्यूझीलंडच्या मार्गदर्शकाने १९९५मध्ये आपल्या तुकडीतल्या डग हॅन्सनला, उशीर झाला म्हणून, शिखराच्या जवळून परत फिरवले होते. १९९६मध्ये हॅन्सन पुन्हा आला. परतीची वेळ दुपारी एक की दोन, हे हॉलने या वेळी ठामपणे जाहीर केले नव्हते. १० मे रोजी हॅन्सन माथ्यावर पोहोचला तेव्हा चार वाजून गेले होते आणि हॉल तोवर त्याची वाट पाहत वरच थांबला होता. उतरताना हॅन्सन कोसळला आणि हॉल त्याच्याजवळ थांबला. वादळ आले, दोघेही परतले नाहीत. हॉलला नियम ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल? माझ्या मते आदल्या वर्षीच्या माघारीचे ओझेच त्याला त्या दिवशी जड झाले.

डॉक्टरने लगेच आठवण करून दिली की, हॉलच्याच तुकडीतले तिघे त्या दिवशी साडेअकराच्या सुमारास, वरची रांग आणि उरलेला वेळ यांचा हिशेब मांडून परतले आणि वाचले. जाणारा मित्र बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, ‘हॅन्सनला सोडून हॉल खाली आला असता, तर ते योग्य ठरले असते का?’

इथे डॉक्टरचे आणि माझे पटले नाही. त्याच्या मते दोन्ही निर्णय एकाच चुकीचे भाग आहेत. मला ते वेगळे वाटतात: दोननंतर हॅन्सनला वर येऊ देणे चूक होते, पण कोसळलेल्या माणसाजवळ थांबण्याला मी चूक म्हणू शकत नाही. घड्याळ पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते, दुसऱ्याचे देत नाही.

दुसऱ्या दिवशी आंग दोर्जे आणि ल्हाक्पा छिरी हे दोन शेर्पा हॉलला आणण्यासाठी त्या वाऱ्यात पुन्हा वर चढले होते. दुपारी, हॉलपासून सुमारे दोनशे मीटर खाली, वाऱ्यापुढे टिकणे अशक्य झाल्यावर त्यांना परत फिरावे लागले. वर हॉल अजून जिवंत होता आणि रेडिओवर बोलत होता. जाणाऱ्या मित्राने या दोघांची नावे विचारून लिहून घेतली, आणि शेजारी परतीची वेळ लिहिली: दुपारी बारा.